खजिनदार चोर नाही, पण हिशेबही नाही

(जिल्हा बैठकीत झालेले भाषण. बोलले तसेच, थोडे आटोपते करून देत आहोत.)



आजच्या बैठकीच्या यादीत कापसाचा भाव आहे, पीक विमा आहे, विजेचा प्रश्न आहे. त्यांच्या रांगेत 'पालक मंडळाचा खजिनदार' हा विषय पाहून काही जण हसले. हसणे साहजिक आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्या भागातली पालक मंडळे, पाणी समित्या, देवळाच्या कमिट्या आणि आपल्या स्वतःच्या गाव शाखासुद्धा कशाने मोडल्या ते आठवा. मतभेदाने फार थोड्या मोडल्या. बऱ्याच मोडल्या त्या हिशेबाने. त्यातही पैसे खाल्ल्यामुळे मोडलेल्या कमी, वही न लिहिल्यामुळे मोडलेल्या जास्त.

खजिनदार चोर असला तर काम सोपे असते. सगळे गाव एका बाजूला होते आणि काय करायचे ते कुणाला सांगावे लागत नाही. अवघड प्रश्न येतो तो माणूस सच्चा असतो, फुकट राबत असतो, आपला शेजारी असतो, आणि तरीही त्याच्याकडून काम होत नाही तेव्हा. त्याला बोलावे तर उपकाराची फेड अपकाराने केली असे होते. न बोलावे तर संस्था बुडते. अशीच एक गोष्ट सांगतो. तिच्यात माझीही चूक आहे, म्हणून गावाचे आणि माणसाचे नाव सांगत नाही.

गोष्ट एका शाळेची

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. शिक्षकांच्या मंजूर जागा पाच, हजर तिघे. दुसरी आणि तिसरीच्या पोरांना वर्गात कोणीच नाही. माझा मुलगा त्या तिसरीत होता. शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालचा. त्याच्या कलम २६ मध्ये लिहिले आहे की शाळेतल्या मंजूर जागांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या राहू नयेत. पाचांपैकी दोन म्हणजे चाळीस टक्के. अर्ज केले, निवेदने दिली. पण पोरगं तिसरीत एकदाच असते, ते सरकारची वाट पाहत थांबत नाही.

म्हणून पालकांनी ठरवले की आपणच एक शिक्षिका ठेवू. गावातच डी.एड. झालेली एक सून होती. घरटी महिन्याला १०० रुपये, घरे ५८, म्हणजे ५,८०० रुपये. त्यातून बाईंना ५,००० द्यायचे, उरलेल्यात खडू-कागद. जुलैपासून सुरुवात झाली. खजिनदार कोणाला करावे असा प्रश्न आला तेव्हा नाव मी सुचवले. गृहस्थ चार एकराचे कापूसवाले. दुसऱ्याच्या शेतातले वाळके बोंडही उचलणार नाहीत इतके सचोटीचे. एवढ्यावर मी त्यांचे नाव दिले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना लिहायची सवय आहे का, संध्याकाळी वेळ असतो का, लोकांकडे पैसे मागणे त्यांना जमेल का, यातले एकही मी विचारले नाही. ही माझी पहिली चूक.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर बाईंना पैसे मिळाले. ऑक्टोबरपासून थांबले. बैठकीत हिशेब विचारला की उत्तर यायचे, 'पुढच्या वेळी आणतो'. मला ऑक्टोबरमध्येच शंका आली होती. पण भीड पडली. सचोटीच्या माणसाला वही कशी मागावी? ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. भीड भिकेची बहीण असे आपण उगीच म्हणत नाही.

डिसेंबर संपेपर्यंत बाईंचे तीन महिन्यांचे १५,००० रुपये थकले. चावडीवर दोन पक्ष पडले. एक म्हणे, 'पैसे खाल्ले, हाकला त्याला.' दुसरा म्हणे, 'फुकट करतो बिचारा, त्याला काही बोलू नका.' वही मात्र दोन्ही पक्षांतल्या कोणीच पाहिलेली नव्हती.

लाल्या पडलेल्या झाडावर फवारा

तुम्ही कपाशीवाले आहात, म्हणून तुमच्याच पिकाचे उदाहरण देतो. बोंडे भरायच्या वेळेला झाडाची पाने लाल पडतात. आपण त्याला लाल्या म्हणतो. घाबरलेला शेतकरी दुकानात जातो, दुकानदार महागाचे औषध देतो, आणि तो फवारत सुटतो. पण लाल्या बहुतेक वेळा कीड नसते, रोगही नसतो. झाडावर बोंडांचा भार वाढलेला, जमिनीत नत्र आणि मॅग्नेशियम कमी, वरून पाण्याचा ताण किंवा रात्रीची थंडी. मुळांना झेपेल त्यापेक्षा जास्त मागणी झाडावर आली, म्हणून पान लाल झाले. त्यावर कीटकनाशक मारून काय होणार? तिथे वेळेवर नत्र द्यावे लागते, मॅग्नेशियम सल्फेट द्यावे लागते, ओल टिकवावी लागते.

खजिनदाराचेही असेच आहे. काम होत नाही हे लक्षण आहे. आजार कोणता ते पाहिल्याशिवाय औषध देऊ नका. काम न होण्याची कारणे मला चार दिसतात. एक, येत नाही. दोन, वेळ नाही. तीन, मागायची लाज वाटते. चार, पैसा खाल्ला. चारांची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात: वही येत नाही. उपाय मात्र चारांचे चार आहेत.

डब्यातली चिठ्ठी

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. मुद्दाम दोघेच गेलो. दहा जण गेलो असतो तर ती वरात झाली असती, आणि एकटाच गेलो असतो तर उद्या शब्दाला साक्ष राहिली नसती. चहा झाला. मी म्हटले, 'भाऊ, तुमच्यावर कोणाचा संशय नाही. पण वही पाहू द्या.' ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'वही त आहे, पण तिच्यात काही नाही. मले वाटलं, कापूस घरात आला का मंग एकदाच बसून लिहू. मंग राहूनच गेलं.'

त्यांनी एक पत्र्याचा डबा काढला. त्यात रोख रक्कम होती, चिठ्ठ्या होत्या, बिडीबंडलाच्या कागदावर लिहिलेली नावे होती. काही जणांनी फोनवरून पैसे पाठवले होते, ते त्यांच्या मुलाच्या खात्यात. त्याच खात्यातून घरखर्च आणि बियाण्याची उधारीही गेलेली. तीन संध्याकाळी बसून आम्ही तिघांनी घरोघर विचारून मेळ घातला.

सहा महिन्यांचे यायला हवे होते ३४,८०० रुपये. आले २५,३००. बाईंना दिले १५,०००. खडू-कागद, छपाई १,३००. शिल्लक पाहिजे ९,०००. डब्यात निघाले ५,४००, मुलाच्या खात्यात आलेले २,६००, म्हणजे ८,०००. फरक १,००० चा. त्यातले ६०० पंधरा ऑगस्टच्या खाऊचे निघाले, पावती घेतलेली नव्हती. शेवटी ४०० रुपयांचा मेळ लागला नाही. ते त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या खिशातून भरले आणि आम्ही तसे वहीत लिहिले.

आता नीट ऐका. ज्या माणसाला गाव चोर म्हणत होते त्याच्या हिशेबात न सापडलेली रक्कम ४०० रुपये. आणि गावानेच न भरलेली रक्कम? ३४,८०० वजा २५,३००, म्हणजे ९,५०० रुपये. 'हाकला त्याला' म्हणून ओरडणाऱ्यांत दोघांची चार-चार महिन्यांची बाकी होती. सगळ्यांनी वेळेवर भरले असते तर बाईंचे सहा महिन्यांचे पूर्ण ३०,००० देऊनही पैसे उरले असते.

मी विचारले, 'मागितले का नाही?' ते म्हणाले, 'ज्याची बैलजोडी पेरणीले आणतो, त्याच्या दारात शंभर रुपयासाठी कसा उभा राहू?' या एका वाक्यात सगळे आले. आपण एकाच माणसावर तीन कामे टाकली होती: मागणे, सांभाळणे, लिहिणे. आणि ती टाकली कापूसवेचणीच्या दिवसांत. झाडावर बोंडे जास्त आणि मुळाशी काही नाही. पान लाल होणारच.

फुकटाच्या कामाचाही खर्च असतो

आपण उत्पादन खर्चाची भाषा बोलणारी माणसे आहोत. कापसाचा खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरलीच पाहिजे असे आपण सरकारला वर्षानुवर्षे सांगत आलो. कृषी मूल्य आयोग ती मजुरी वेगळ्या कलमात दाखवतो, ती कमी धरतो म्हणून आपण भांडतो. मग आपल्याच मंडळात खजिनदाराच्या वेळेची किंमत शून्य कशी धरली? ५८ घरे फिरायची, कोणी भेटले नाही तर परत जायचे, तालुक्याला बँकेत जायचे तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे तिकीट. हा खर्च कोणीतरी भरतोच. आपण तो एका माणसावर टाकला आणि वर त्याला नालायक ठरवले.

यातून कोणी असा अर्थ काढू नये की फुकट करतो म्हणून त्याला काही विचारायचे नाही. पैसा ५८ घरांचा आहे आणि उपाशी राहिली ती शिकवणारी बाई. आपली माया खजिनदारावर असली तरी जबाबदारी त्या बाईंशी आणि पोरांशी आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला तेव्हा अध्यक्षपदाबरोबर खजिनदारपदही स्वतःकडे घेतले. ते पद शोभेचे नसते.

दुसरे उदाहरण १८९४ चे. दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेस निघाली, गांधीजी तिचे चिटणीस होते. वर्गणी महिन्याला कमीत कमी पाच शिलिंग. थोड्याच दिवसांत अनुभव आला की आठवण दिल्याशिवाय लोक भरत नाहीत, आणि आठवण देणारा माणूस दिवसभर तेच करून थकून जातो. तेव्हा त्यांनी वसूल करणाऱ्याला दोष दिला नाही, पद्धत बदलली. वर्गणी वर्षाची आणि आगाऊ घ्यायची, कमीत कमी तीन पौंड. आणि पै-पैची पावती. माणूस कमी पडतो तेव्हा आधी कामाची रचना पाहावी, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

आम्ही काय केले

पालकांची बैठक बोलावली. हिशेब फळ्यावर मांडला, खजिनदारांच्या हातानेच. थकबाकीची नावे वाचली नाहीत, वही टेबलावर उघडी ठेवली, ज्याने त्याने आपले पान पाहावे. आठ दिवसांत ९,५०० पैकी ८,००० जमा झाले. उरलेले १,५०० तीन घरांचे होते, ती घरे खरेच अडचणीत होती. ते उघडपणे माफ केले आणि माफी वहीत लिहिली.

पद्धत कशी बदलावी यावर आम्ही पुरुष बराच वेळ बोललो. मग मागे बसलेली एक बाई उठली. म्हणाली, 'आमच्या बचत गटात वही बैठकीतच लिहितो, घरी नेत नाही. तुम्ही घरी नेता कशाले?' बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांच्याबरोबर पाचवे सूत्र आहे लेखे नियमित ठेवण्याचे. आपल्या बायका हे महिन्याच्या महिन्याला करतात आणि आपण त्यांना हिशेब शिकवायला निघतो! त्या दिवशी ठरले ते असे:

एक. मागणारा, लिहिणारा आणि सांभाळणारा वेगवेगळा. चार आळ्यांना चार बाया वसुलीला. लिहायला बारावी झालेली एक मुलगी. बँकेचे काम खजिनदाराकडे.

दोन. वही बैठकीतच लिहायची आणि शाळेच्या कपाटात ठेवायची. पावतीशिवाय पैसा घ्यायचा नाही, पावतीशिवाय द्यायचा नाही.

तीन. मंडळाच्या नावाने बचत खाते, तिघांपैकी दोघांच्या सह्या. फोनवरचे पैसेही त्याच खात्यात. कोणाच्याही घरच्या खात्यात एक रुपया जायचा नाही. यात अविश्वास नाही. मळणीला धान्य दोन घरांचे असले तर आपण ढिगाऱ्या वेगळ्या ठेवतो, तेवढीच ही गोष्ट आहे.

चार. वर्गणी वर्षाला १,००० रुपये, शाळेच्या दहा महिन्यांची. जूनमध्ये मागायची नाही, तेव्हा बियाण्याला पैसे नसतात. निम्मी कापूस विकल्यावर, निम्मी तूर-हरभरा निघाल्यावर, आणि ती पुढच्या वर्षाची. मजुरी करणाऱ्या घरांनी महिन्याला दिले तरी चालेल.

पाच. दर तीन महिन्यांनी जमाखर्च शाळेच्या भिंतीवर.

आणि खजिनदार? त्यांनी स्वतःच मोकळे करा म्हणून सांगितले. आम्ही ते मान्य केले. वही, पावतीपुस्तक, रोकड यांची यादी केली, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्या झाल्या, दोन साक्षीदार. बैठकीने आभाराचा ठराव केला. शाळेचे कुंपण दरवर्षी तेच बांधायचे, ते काम त्यांच्याकडेच राहिले, आणि त्यात कधी खंड पडला नाही. एका कामात कमी पडलेला माणूस सगळ्याच कामांत टाकाऊ नसतो. कपाशीला खराब जमिनीत ज्वारी चांगली येते.

तरीही वही मिळाली नाही तर

प्रत्येक ठिकाणी असे गोड होईलच असे नाही, म्हणून पायऱ्या सांगून ठेवतो. पहिली पायरी, दोघांनी घरी जाऊन बोलणे, काय हवे ते नेमके सांगणे आणि तारीख ठरवणे. 'हिशेब दे' एवढे म्हणून भागत नाही. 'पुढच्या रविवारी वही, पावत्या आणि शिल्लक घेऊन आपण तिघे बसू' असे म्हणा. दुसरी, येत नसेल तर शिकवणारा जोडीला द्या, वेळ नसेल तर काम वाटून घ्या. तिसरी, तारीख दोनदा टळली तर लेखी पत्र, सात दिवसांची मुदत, पत्र मिळाल्याची सही. चौथी, पालकांची बैठक, खजिनदार बदलल्याचा ठराव, आणि ठरावाची नक्कल लगेच बँकेत, म्हणजे जुन्या सहीने पैसे निघणार नाहीत. पाचवी पायरी पोलिसांची. ती पैसे खाल्ल्याचा कागदावर पुरावा असेल तरच. मोजणी होण्याआधी 'अफरातफर' हा शब्द कोणी तोंडातून काढू नये. गावात तो शब्द परत घेता येत नाही. त्या माणसाच्या पोरीच्या लग्नापर्यंत तो मागे येतो.

उलट बाजूही सांगतो. पैसा खाल्लेला स्पष्ट दिसत असताना 'जाऊ द्या, आपलाच माणूस आहे' म्हणणारेही गुन्ह्यात भागीदार असतात. पुढच्या वेळी वर्गणी मागायला गेल्यावर लोक दार लावून घेतात ते त्यांच्यामुळे.

जे परत आले नाही

आता शेवटचे. बाईंचे १५,००० रुपये आम्ही जानेवारीतच नेऊन दिले. त्यांनी पैसे मोजून घेतले, सही केली, आणि सांगितले की संक्रांतीनंतर मी तालुक्याच्या शाळेत जाणार आहे, तिथे शब्द देऊन बसले. मी म्हटले, 'बाई, आता महिन्याच्या महिन्याला मिळतील.' त्या म्हणाल्या, 'हे ऑक्टोबरमध्ये सांगायला पाहिजे होतं, भाऊ.' मला उत्तर देता आले नाही. पुढे फेब्रुवारीत गावातला एक मुलगा शिकवायला आला, त्याला एकही महिना पैसे थांबले नाहीत. पण पोरांना त्या बाईंची सवय झाली होती. माझा मुलगा कितीतरी दिवस विचारत होता, बाई कधी येणार.

म्हणून म्हणतो, शंका आली त्या महिन्यातच विचारा. उशिरा विचारण्याची किंमत खजिनदार भरत नाही, पोरं भरतात.

आणि रिकाम्या जागांची मागणी आपण सोडलेली नाही. ज्या कामाची जबाबदारी कायद्याने सरकारवर आहे ते गावाने वर्गणी काढून केले, त्याची पै-पैची नोंद आज शाळेच्या भिंतीवर आहे. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असतात. त्या समितीच्या ठरावासोबत हा जमाखर्च जोडून जिल्हा परिषदेकडे न्या. विचारा, आमचा हिशेब हा घ्या, तुमचा कुठे आहे? ज्याची स्वतःची वही कोरी आहे त्याला हा प्रश्न विचारता येत नाही.

इथून गावी गेल्यावर प्रत्येकाने एक काम करावे. तुमच्या गावात ज्या ज्या मंडळाला तुम्ही वर्गणी देता त्याच्या खजिनदाराला भेटा. पहिला प्रश्न, 'तुम्हाला काय मदत पाहिजे?' दुसरा, 'वही पाहू का?' आणि दोन्हीच्या आधी स्वतःची बाकी भरून टाका.